उंदरांनी गाडीचं वायरिंग खाल्लं, घरी जोडता येईल का? (सांगली)

सांगलीवाडीकर (रविवार, सकाळी ९:१०)

नमस्कार मंडळी.

आमचं घर सांगलीवाडीत, कंपाउंडला लागूनच ऊस. म्हणजे होता. मागच्या आठवड्यात टोळी आली, दोन दिवसांत फड मोकळा झाला, पाचट पेटवलं. नेमके तेव्हाच आम्ही भाच्याच्या लग्नाला पुण्याला गेलो, तेही बसने. गाडी पाच दिवस पत्र्याच्या शेडमध्ये उभी. पुढचं तुम्ही ओळखलं असेलच.

परवा चावी फिरवली तर गाडी सुरू झाली, पण नुसती थरथरायला लागली. चार सिलिंडरची गाडी तिनावर चालावी तशी. चेक इंजिनचा दिवा लागला, सोबत एबीएसचाही (ब्रेक लावताना चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा). बॉनेट उघडलं तर वरच्या प्लॅस्टिक कव्हरखाली पाचटाचं घरटं, भुईमुगाची टरफलं, लेंड्या आणि गेल्या महिन्यात दोरीवरून गायब झालेल्या माझ्या पायमोज्याचा अर्धा भाग. चार वायरी साफ तुटल्यात: दोन वायरी तिसऱ्या सिलिंडरच्या इंजेक्टरच्या (पेट्रोल फवारतो तो) प्लगपाशी, दोन एअर फिल्टरच्या नळीवरच्या सेन्सरच्या. शिवाय तीन-चार जागी नुसतं आवरण कुरतडलंय, आतलं तांबं दिसतंय.

गॅरेजला फोटो पाठवला. उत्तर आलं, ‘अख्खा हार्नेस (वायरींचा जुडगा) बदलावा लागेल, ३८ हजार, मजुरी वेगळी, माल यायला पंधरा दिवस.’ चार वायरींना ३८ हजार?

घरातलं लाइट फिटिंग मी स्वतः करतो. मल्टिमीटर आहे, सोल्डरिंगचं यंत्र आहे, उरलेली १ स्क्वेअर एमएमची घरगुती वायर आहे. वायरी पिळून वरून काळी टेप मारली तर चालेल का? गाडी सात वर्षांची पेट्रोल हॅचबॅक. वॉरंटी केव्हाच संपली.

चिंचेखाली (रविवार, ९:३२)

गणपतीच्या गावात राहून उंदराची तक्रार? तेही चव्हाट्यावर? वाहन त्याचंच आहे हो, तुम्ही नुसते वापरत होतात.

वाळव्याचा_गडी (रविवार, ९:५०)

चालतंय की. आमच्या ट्रॅक्टरला दहा वर्षं झाली पिळून टेप मारलेली, काय सुदिक झालं न्हाई. लई डोकं लावू नका.

कुपवाडचा_फिटर (रविवार, १०:४०)

सांगलीवाडीकर, थांबा. आता चावी लावू नका. वायरी राहू द्या, आधी नाक चालवा. उंदीर वायर खातो तसा रबराची नळीही खातो. पेट्रोलच्या नळीवर दात बसले असतील तर स्टार्टर मारताना ठिणगी आणि पेट्रोल एका जागी येतं. टॉर्च घेऊन पेट्रोलची नळी डोक्यापासून शेपटीपर्यंत बघा, ओली दिसली तर गाडी ढकलून उघड्यावर आणा. कूलंटच्या, ब्रेक बूस्टरच्या नळ्याही बघून घ्या.

दुसरं म्हणजे हातात मोजे आणि तोंडाला फडकं. त्या लेंड्या नि मूत कोरडे झाडू नका, फिनाइलचं पाणी मारून ओले करून पुसा. लेप्टो (लेप्टोस्पायरोसिसचा ताप) उंदराच्या मुतातून होतो. थट्टा नाही.

मग दहा नंबरचा पाना घ्या, बॅटरीची निगेटिव्ह काढा. आधी निगेटिव्हच. पॉझिटिव्ह आधी काढायला गेलात आणि पाना बॉडीला टेकला की ठिणग्यांची दिवाळी.

आता घरातली वायर. ती घेऊ नका. साध्या घरगुती वायरचं पीव्हीसी ७० डिग्रीपर्यंतचं असतं, इंजिनपाशी त्याहून जास्त तापतं. शिवाय तिची तार जाड नि मोजकी, इंजिन हलत राहिलं की वाकून वाकून तुटते. गाडीच्या वायरमध्ये बारीक तारा भरपूर असतात. शंभर फुटी रोडवर कुठल्याही ऑटो इलेक्ट्रिकच्या दुकानात ‘ऑटो वायर, अर्धा स्क्वेअर’ म्हणा, मीटरवर मिळते. मूळ वायर जेवढी जाड तेवढीच घ्या, आणि रंग जुळतील तेवढे जुळवा. पाच वर्षांनी बॉनेट उघडणारा तुम्हाला शिव्या देणार नाही.

वाळव्याच्या दादा, ट्रॅक्टरचं वेगळं आहे हो. तिथं १२ व्होल्टवर बल्ब पेटवायचा असतो. जोड थोडा सैल झाला तर बल्ब मिणमिणेल, एवढंच. या सेन्सरला पाचच व्होल्ट मिळतात आणि कॉम्प्युटर त्यातला बारीक फरक वाचतो. जोडात गंज आला की तो चुकीचं वाचतो, आणि गाडी कधी चांगली कधी वाईट. असला रोग शोधताना जीव जातो. आणि काळी टेप उन्हाळ्यात इंजिनवर दोन महिने ठेवून बघा, डिंक पाघळून नुसता चिकटा उरतो.

विमा_वाचून_घ्या (रविवार, ११:०५)

हात लावण्याआधी पॉलिसी बघा. नुसती थर्ड पार्टी असेल तर विषयच संपला. कॉम्प्रिहेन्सिव्ह असेल तर उंदराचं नुकसान धरतात का, ते विचारून घ्या. क्लेम करायचा ठरला तर सर्व्हेअर बघून जाईपर्यंत वायर जोडू नका, फोटो काढून ठेवा. पण हिशोबही मांडा. १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला पहिले १००० रुपये तुमचेच जातात. आणि क्लेम घेतला की नो क्लेम बोनस (हप्त्यातली सूट) शून्यावर येतो, तो पहिल्या वर्षाचा २० टक्के असो की पाचव्याचा ५०.

सांगलीवाडीकर (रविवार, दुपारी १:२०)

बोनस ४५ टक्क्यांवर आहे, त्यामुळे क्लेम नको म्हणून ठरवलं. पेट्रोलच्या नळ्या बघितल्या, कोरड्या आहेत. फिटर काका, खूप आभार. आज स्वच्छतेचा दिवस. अर्धी बादली पाचट निघालं.

चिंचेखाली (रविवार, १:३१)

पायमोज्याचा उरलेला अर्धा भाग सापडला का? धागा त्यासाठी फॉलो करतोय.

गावभागातली_ताई (रविवार, दुपारी ३:१५)

माझा अनुभव उंदराचा नाही, पुराचा आहे, पण वायरीपुरता उपयोगी पडेल. ऑगस्ट २०१९ ला आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं तेव्हा आमची गाडी सीटपर्यंत पाण्यात होती. वाळवून, धुऊन ती चालूही झाली. पुढे दीड वर्षाने एकेक दिवा, एकेक काच बंद पडायला लागली. वायर वरून नवीकोरी दिसायची, आतलं तांबं मात्र काळं-हिरवं. आमच्या वायरमनने दाखवलं: कंदिलाच्या वातीत रॉकेल चढतं तसं पाणी तारांच्या मधून आत चढतं, एका भोकातून पार वीतभर.

म्हणून सांगते, दादा, जोडण्याआधी आवरण सोलून तांबं बघा. लालसर चमकत असेल तर जोडा. काळपट असेल तर चमकणारं लागेपर्यंत मागे कापत जा. काळ्या तांब्याला डाख धरत नाही. आणि तपासायला वायरमध्ये टाचणी खुपसू नका. ते भोक म्हणजे पावसाळ्यात पाण्याला आमंत्रण.

सायंकाळ_विश्रामबाग (रविवार, संध्याकाळी ६:४०)

मी वाहन क्षेत्रात इलेक्ट्रॉनिक्सवर काम करतो, म्हणून घरी काय करू नये तेवढं सांगतो.

पिवळं आवरण किंवा पिवळा प्लग दिसला तर तो एअरबॅगचा. जोडायचा नाही, मीटरही लावायचा नाही. मीटर ओहम मोजताना स्वतः थोडा करंट सोडतो, आणि एअरबॅगच्या बाबतीत प्रयोग नकोत. हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक गाडीत नारिंगी केबल दिसली की बॉनेट बंद करून फोन उचलायचा.

एकमेकींना पीळ दिलेल्या दोन वायरींची जोडी दिसली तर ती बहुधा कॅनची असते, कॉम्प्युटर एकमेकांशी बोलतात ती लाइन. तुटली असेल तर जोडता येते, पण पीळ तसाच ठेवून, उघडा भाग कमीत कमी ठेवून. जोडल्यावर बॅटरी काढलेली असतानाच ओबीडी सॉकेटच्या (गाडीतले दोष वाचायचं यंत्र लावतात ते) ६ आणि १४ नंबरच्या पिनांमध्ये रेझिस्टन्स मोजा. बहुतेक गाड्यांत तो ६० ओहमच्या आसपास यायला हवा, कारण दोन टोकांना १२०-१२० चे रेझिस्टर समांतर असतात. १२० आला तर कुठेतरी अजून तुटलेलं आहे.

इंजेक्टरचं सोपं असतं. चारही इंजेक्टरला एक वायर सारख्या रंगाची जाते, ती पॉझिटिव्ह. दुसरी प्रत्येकाची वेगळी, ती कॉम्प्युटरकडे. त्या दुसरीला जुना बल्बवाला टेस्ट लॅम्प लावू नका, तो जास्त करंट ओढतो.

आणि तुमचं नशीब बघा, इंजेक्टरची वायर तुटली. त्या सिलिंडरला पेट्रोलच जात नव्हतं. इग्निशन कॉइलची (ठिणगी देते ती) तुटली असती तर पेट्रोल न जळता सायलेन्सरच्या वाटेवरच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (धूर स्वच्छ करणारा डबा) जाऊन तिथं पेटलं असतं. तो वितळला की ३८ हजार स्वस्त वाटतात.

सांगलीवाडीकर (सोमवार, रात्री १०:०५)

आजचा अहवाल. काल एका मित्राकडून ब्लूटूथचा ओबीडी प्लग आणला. मोबाइलवर दोन कोड आले: पी०२०३, म्हणजे तीन नंबरच्या इंजेक्टरचं सर्किट, आणि पी०११३, म्हणजे आत जाणाऱ्या हवेच्या तापमानाचा सेन्सर. मग लाइव्ह डेटा उघडला. बाहेर घाम निथळतोय आणि गाडीच्या मते सांगलीत हवेचं तापमान उणे ४०! बायकोला हाक मारून दाखवलं. म्हणाली, मग एसी कशाला लावता.

सायंकाळ_विश्रामबाग (सोमवार, १०:२०)

हा हा. त्या सेन्सरचा रेझिस्टन्स थंडीत वाढतो. वायर तुटली की रेझिस्टन्स अनंत, कॉम्प्युटरला वाटतं कडाक्याची थंडी. उणे ४० दिसलं की बहुतेक वेळा सेन्सर चांगला आणि वायर तुटलेली, असं समजायचं. नवा सेन्सर घेऊ नका.

सांगलीवाडीकर (मंगळवार, रात्री ९:४५)

अर्धा दिवस रजा टाकून काम केलं. सविस्तर लिहितो, पुढच्याला उपयोग होईल.

सामान: लाल-काळी-पिवळी अर्धा स्क्वेअर वायर दोन-दोन मीटर, आतून गोंद असलेली हीट श्रिंक स्लीव्ह (तापवली की आवळते ती नळी), कापडी हार्नेस टेप, चीर असलेली कॉरुगेटेड नळी, रोझिनवालं ६०/४० सोल्डर. एकूण ४६० रुपये.

उंदराने वायर नुसती तोडली नव्हती, मधला दोन-तीन सेंटिमीटरचा तुकडाच नेला होता. म्हणजे प्रत्येक वायरीला तुकडा घालून दोन जोड. चार वायरी, आठ जोड. पहिलाच जोड इतका देखणा झाला की दोन मिनिटं बघत बसलो. मग लक्षात आलं की स्लीव्ह आधी ओवायचीच राहिली. कापला, पुन्हा केला. (हे माझ्या हातून तीनदा झालं. हसा.)

फिटर काकांना फोटो टाकला होता. त्यांनी सांगितलं, शेजारच्या वायरींचे जोड एका रेषेत ठेवू नका, पुढेमागे ठेवा, नाहीतर तिथं गाठ होते आणि दोन जोड एकमेकांना घासतात. एक बोटभर अंतर ठेवलं.

सोल्डरची गंमत अशी की मी आयुष्यभर सोल्डर यंत्राच्या टोकावर वितळवून थेंब वायरवर सोडत आलो. ते चुकीचं. यंत्राचं टोक खालून जोडाला टेकवायचं, सोल्डर वरून वायरीला लावायचं. वायर पुरेशी तापली की ती सोल्डर आत ओढून घेते, पोळीने तूप प्यावं तसं. तारा वेगवेगळ्या दिसायला हव्यात, गोळा नको.

स्लीव्हला बायकोचा हेअर ड्रायर लावला, नुसती कोमट झाली. लायटरने एक जाळली. शेवटी चौकातल्या मोबाइलवाल्याची हॉट एअर गन आणली. दोन्ही कडांतून गोंदाचा थेंब बाहेर आला की समजायचं पॅक झाली.

आता ताई, तुमचा मुद्दा. सेन्सरच्या दोन वायरींपैकी एकीचं तांबं लालभडक, दुसरीचं काळं! दीड इंच मागे कापलं तेव्हा चमक आली. म्हणजे त्या वायरीला जुना चावा होता, पावसाळ्यातला असणार. जुलैमध्ये गाडी मधूनच आचके द्यायची, दोन ठिकाणी दाखवली, प्लग बदलले, पेट्रोल खराब म्हणाले. उंदीर तेव्हापासूनच मुक्कामाला होता तर.

बॅटरी जोडली. थरथर गेली. तापमान ३१.

एबीएसचा दिवा मात्र तसाच.

मिरजेचा_तंबोरा (मंगळवार, १०:१०)

काम झकास, पण इंजिनवर सोल्डर पटत नाही. आमच्याकडे क्रिंपच करतात, म्हणजे बट कनेक्टरच्या नळीत दोन्ही टोकं घालून दाबून टाकायची. सोल्डर तारांतून वर चढतं, तेवढा भाग काडीसारखा कडक होतो, आणि कंपनाने कडक-मऊच्या सीमेवर वायर तुटते. बट कनेक्टर आणि चांगलं क्रिंपिंग प्लायर घेतलं असतं तर दोन तास वाचले असते.

कुपवाडचा_फिटर (मंगळवार, १०:५५)

तंबोरा, बरोबर बोलताय, पण अर्धं. चांगल्या प्लायरने केलेला क्रिंप उत्तमच. पण लोक काय करतात? बट कनेक्टर घेतात आणि साध्या पकडीने दाबतात. ओढला की हातात. लाल कनेक्टर अर्धा ते दीड स्क्वेअरचा, त्यात अर्ध्याची वायर आधीच सैल बसते, तार दुमडून भरावी लागते. ज्याच्याकडे प्लायर नाही आणि डाख नीट येतो त्याने डाखच द्यावा. फक्त जोड मोकळा लोंबू द्यायचा नाही. दोन्ही बाजूंनी हार्नेसला बांधून टाकायचा, म्हणजे जोड वाकत नाही, वायर वाकते. माझे डाखाचे जोड वीस वर्षं चाललेत, तुटलेले क्रिंपही पाहिलेत. हात कुणाचा, ते बघायचं.

ऑक्सिजन सेन्सरला मात्र डाख नको. तो बाहेरची हवा बऱ्याचदा वायरीतून घेतो, सोल्डरने ती वाट बुजते. तिथं क्रिंपच.

सांगलीवाडीकर, एबीएससाठी चारही चाकांच्या वायरी बघा. पुढच्या डाव्या चाकापासून सुरू करा.

मिरजेचा_तंबोरा (मंगळवार, ११:०२)

मान्य काका. प्लायर मात्र घ्याच एक.

सांगलीवाडीकर (गुरुवार, रात्री ८:३०)

काका, तुम्हाला कसं कळतं? डाव्या चाकाच्या आतलं प्लॅस्टिकचं अस्तर काढलं, आत अर्धा किलो पाचट, आणि एबीएस सेन्सरची वायर तिथं तुटलेली. बॉनेटमधून ती दिसतच नव्हती. (चिंचेखाली, पायमोज्याचा उरलेला भाग इथं होता.)

जोडू का? जागा अशी आहे की स्टिअरिंग फिरवलं की तिथली वायर वाकते.

कुपवाडचा_फिटर (गुरुवार, ९:००)

तिथं नको. रोज हजारदा वाकणार, वर चिखल, पाणी. आणि ही ब्रेकची गोष्ट आहे. सेन्सर वायरीसकट मिळतो, एक बोल्ट नि एक प्लग. तोच बदला. चार पैसे वाचवायची ती जागा नव्हे.

सांगलीवाडीकर (शनिवार, दुपारी १२:१५)

बदलला. १३५० रुपये. जुना बोल्ट गंजून बसला होता, तेल सोडून रात्रभर ठेवला तेव्हा सुटला. दिवा गेला. सगळं मिळून १८१० रुपये आणि एक जळालेलं बोट.

आता मुख्य प्रश्न. पुन्हा येऊ नये म्हणून काय करता? तंबाखू, डांबराच्या गोळ्या, मिरची पूड, सगळं सुचवून झालंय लोकांचं.

गावभागातली_ताई (शनिवार, १२:४०)

डांबरगोळ्यांचा वास ब्लोअरमधून आत येतो, आमच्या धाकट्याला त्याने उलटी झाली. ठेवू नका. त्यापेक्षा इंजिन धुऊन मुताचा वास घालवा, त्या वासाच्या मागावर दुसरा येतो. आणि हवा आत जाते त्या तोंडाला बारीक स्टीलची जाळी लावा.

वाळव्याचा_गडी (शनिवार, १:००)

विष ठिवू नका गाडीत. आमच्या पावण्याच्या गाडीत एसीच्या नळीत जाऊन मेला. पंधरा दिस नाकाला रुमाल बांधून गाडी चालवली त्यानं. आन शेडमध्ये धामण दिसली तर हाकलू नका. तिच्यासारखा राखणदार न्हाई.

सायंकाळ_विश्रामबाग (शनिवार, १:२५)

होंडाची तिखट लावलेली टेप मिळते, मिरचीतलं कॅप्सेसिन असतं तिच्यात. हार्नेसवर गुंडाळायची. कुठल्याही गाडीला चालते. गुंडाळल्यावर डोळ्याला हात लावू नका, अनुभवाचे बोल. बाकी उंदराचे पुढचे दात आयुष्यभर वाढत राहतात, त्यामुळे काहीतरी कुरतडणं त्याला भागच असतं.

सांगलीवाडीकर (रविवार, सकाळी ८:०५)

जाळी लावली. टेप मागवली. रात्री पिंजरा लावला, आत शेंगदाण्याची चटणी फासलेली भाकरी. पहाटे पाचला खट्ट. चांगला वीतभर, मिशा वगैरे. मारायचं जिवावर आलं, मंगळवारी डोळ्यांदेखत अंगारकी झाली होती. स्कूटरवर पिंजरा ठेवून आयर्विन पूल ओलांडला आणि घाटाजवळ सोडून आलो.

चिंचेखाली (रविवार, ८:१२)

घाटाजवळ कुठे? पार्किंगच्या बाजूला की देवळाच्या?

सांगलीवाडीकर (रविवार, ८:१५)

पार्किंगच्या. का?

चिंचेखाली (रविवार, ८:१६)

एक पांढरी गाडी दिसली का तिथं, मागच्या काचेवर मोरया लिहिलेली?

सांगलीवाडीकर (रविवार, ८:२०)

दिसली की. तिच्याच खाली पळाला.